टप एकाच जागी पुन्हा पुन्हा का गळतो : बसच्या मोटरहोममधली गळती मुळापासून काढताना

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. पलंगाच्या डोक्याशी, छताच्या कोपऱ्यात डाग पडतो. कुणीतरी टपावर चढतं, डागाच्या बरोबर वर असलेल्या सांध्यावर सीलंट, म्हणजे फट बुजवणारा चिकट लेप, ओढतं. दोन पाऊस कोरडे जातात, तिसऱ्याला पुन्हा थेंब. पुन्हा सीलंट. पाच-सात वर्षांत टपावर पांढरे, करडे, काळे थर साचतात आणि डाग मात्र जागचा हलत नाही.

दोष सीलंटचा क्वचितच असतो. थेंब पडतो ती पाण्याची शेवटची जागा. टपातून आत शिरलेलं पाणी पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या कमानीच्या कडेने, वायरच्या अंगाने नाहीतर इन्सुलेशनच्या पाठीवरून उताराकडे सरकतं, आणि छताच्या पॅनेलचा सांधा किंवा दिव्याचं भोक भेटलं की तिथून खाली उतरतं. शिरण्याची आणि गळण्याची जागा यांत दोन-तीन मीटरचं अंतर सहज असतं. त्यातून मुळात प्रवासी बस असलेली आणि मग एका कुटुंबाचं चाकांवरचं घर झालेली गाडी असेल, तर टपावरच्या प्रत्येक भोकाला इतिहास असतो. तो कागदावर मांडल्याशिवाय सीलंटला हात लावू नये.

आधी खात्री करा : हे पावसाचंच पाणी आहे का?

हा प्रश्न वगळल्यामुळे निम्मी मेहनत वाया जाते. ओल कधी दिसते याची आठ-दहा दिवस नोंद ठेवा: तारीख, पाऊस होता का, गाडी उभी होती की धावत होती, एसी चालू होता का, पाण्याची टाकी किती भरलेली होती, गाडीचं नाक वर होतं की खाली.

पाऊस नसताना, थंड पहाटे ओल दिसत असेल तर ती बाष्पाची. खोलीत २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १७ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव धरतं, आणि रात्री टपाचा पत्रा त्याहून थंड होणं अगदी सोपं आहे. आत झोपलेली चार माणसं श्वासातून आणि घामातून रात्रभर पाणी सोडत असतात. त्यात गॅसची भर: एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ही चूक नाही, ज्वलनाचं रसायनच तसं आहे. बंद खिडक्यांत गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करणाऱ्यांच्या छतातून पाणी ठिबकतं ते यामुळे. तशी ऊब घेणं जिवावरचंही आहे, पण तो वेगळा विषय.

बाष्प ओळखायची खूण सोपी आहे. थेंब एका जागी न येता रांगेत येतात: लोखंडी कमानींच्या रेषेत, स्क्रूच्या डोक्यांवर, जिथे बाहेरची थंडी धातूतून थेट आत पोहोचते तिथे. खात्रीसाठी संशयित जागेवर ३० सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला पाणी धरलं तर बाष्प, प्लास्टिकच्या मागे धरलं तर पाणी पलीकडून येतंय. बाष्पावर सीलंट हा उपाय नाही. हवा खेळती ठेवणं आणि कमानींवर इन्सुलेशनची अखंड पट्टी देणं हा आहे.

फक्त एसी चालू असताना ओल येत असेल तर टपावरच्या युनिटच्या तळातली पाणी जाण्याची भोकं बघा. पानांचा चुरा आणि धूळ यांनी ती तुंबली की साचलेलं पाणी मधल्या मोठ्या भोकातून थेट आत येतं. नळ बंद असताना पाण्याचा पंप मध्येच एखादा ठोका घेत असेल तर गळती नळजोडणीत आहे. टपाला दोष देऊ नका.

उभी असताना कोरडी आणि धावत्या पावसात ओली होणारी गाडी हा प्रकार लोकांना फार चकवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब सुमारे ३०० पास्कल होतो, म्हणजे पाण्याचा स्तंभ ३० मिलिमीटर वर चढवण्याइतका. शंभरच्या वेगाला हाच आकडा ४८ मिलिमीटरच्या आसपास जातो. पुढच्या काचेच्या रबराखाली बारीक फट असेल तर पाणी चढण चढून आत येतं. खिडक्या बंद करून छतावरचा एक्झॉस्ट पंखा चालू ठेवला तर आतून ओढही लागते. अशा गाडीत पुढची काच, कपाळावरची जुनी मार्गफलकाची पेटी, वरचे छोटे दिवे आणि दारांची रबरं आधी तपासा. टपाचा मागचा अर्धा भाग नंतर.

भोकांचा नकाशा

पावसाचंच पाणी आहे हे नक्की झालं की शिडी लावण्याआधी टेबलाशी बसा. एका मोठ्या कागदावर टपाचा आराखडा काढा, पुढून मागे कमानींना क्रमांक द्या आणि आजवर टपाला किती भोकं पडली ती लिहून काढा. इथे कुटुंबाच्या जुन्या फोटोंचा खरा उपयोग होतो. सहलीच्या फोटोत मागे उभ्या असलेल्या बसवर सामानाचं कॅरियर दिसतं, मागची शिडी दिसते, पुढे अँटेना दिसतो. आज त्या वस्तू नाहीत, त्यांची भोकं मात्र आहेत, रंगाच्या तीन थरांखाली कुणीतरी नुसत्या पुट्टीने बुजवलेली. पुट्टी कडक असते. पत्रा हलला की तिला केसासारखी चीर जाते आणि रंगावरून ती दिसतसुद्धा नाही.

भोकं सहसा तीन काळांतली असतात. पहिला काळ बसचा: कॅरियरचे पाय, शिडी, मार्गफलक, उंची दाखवणारे दिवे, हवेची झाकणं, आणीबाणीचं दार. दुसरा काळ घर बनवण्याचा: एसी, सौर पॅनेल, शौचालयाच्या टाकीचा वाफारा, फ्रिजची जाळी, चुलीचं धुराडं, बाजूची छत्री. तिसरा काळ दुरुस्त्यांचा, आणि तोच सगळ्यात वाईट. गळती शोधताना मारलेले स्क्रू, सैल पत्रा दाबायला ठोकलेली पट्टी, एका भोकासाठी पाडलेली चार नवी भोकं.

बॉडी कोणत्या बांधणीची आहे हेही कागदावर हवं, कारण गळण्याची रीत त्यावर ठरते. जनरल मोटर्सची १९५३ ते १९६० दरम्यान बनलेली पीडी-४१०४, जी अमेरिकेत मोटरहोमसाठी फार वापरली गेली, ती रिव्हेटने जोडलेल्या अॅल्युमिनियमच्या कवचाची. तिथे कवचच भार पेलतं, त्यामुळे प्रत्येक रिव्हेट कामाला लागलेला असतो आणि रस्त्याच्या हेलकाव्यांनी सैल होतो. अमेरिकन स्कूल बसचा टप पोलादी पत्र्याचा, आडव्या कमानींवर बसवलेला. १९७७ पासून तिथे बॉडीच्या सांध्यांच्या मजबुतीचा नियम लागू झाला. सांधा हा जोडलेल्या पत्र्याच्या मजबुतीच्या किमान ६० टक्के असला पाहिजे असं त्यात आहे. म्हणून त्यानंतरच्या गाड्यांत सांध्यांवर रिव्हेटची गर्दी दिसते. ट्रकच्या चासीवर बांधलेल्या कोचमध्ये पुष्कळदा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वर अॅल्युमिनियमचा पत्रा. गळतीच्या दृष्टीने ही जोडी सगळ्यात कुरबुरी.

ती का, ते आकड्यांत बघा. दहा मीटर लांबीचा टप पहाटे १० अंशांवर आणि उन्हात ६० अंशांवर गेला, तर अॅल्युमिनियम सुमारे ११.५ मिलिमीटर वाढतं, पोलाद सुमारे ६ मिलिमीटर. उरलेले साडेपाच मिलिमीटर कुठेतरी जिरावे लागतात, आणि ते रिव्हेटच्या भोकांत आणि सांध्यातल्या सीलंटमध्येच जिरतात. रोज. हाडासारखं कडक झालेलं किंवा कागदासारखं पातळ पसरलेलं सीलंट हे सहन करत नाही. दोन पाऊस कोरडे आणि तिसऱ्याला थेंब, याचं कारण बहुतेकदा एवढंच.

शोध : खालून वर, सावकाश

आधी वीज. बाहेरून घेतलेली जोडणी काढा, इन्व्हर्टर बंद करा, सौर पॅनेलचा विलगक, म्हणजे त्याची वीज तोडणारा स्विच, बंद करा. पॅनेल उजेडात जिवंतच असतात, बॅटरी बंद केली तरी. छतातल्या दिव्यांच्या वायरी ओल्या होणार हे धरूनच चालायचं.

मग आतलं छत उघडा. हे टाळायचा मोह होतो, पण डागाभोवतीची किमान दोन-तीन पॅनेल उतरवल्याशिवाय पाण्याचा माग लागत नाही. भिजलेलं इन्सुलेशन काढून टाका; काचतंतूची गादी एकदा पाणी प्यायली की आठवडाभर ठिबकत राहते आणि चाचणीत खोटी साक्ष देते. जुन्या गादीला हात लावताना हातमोजे आणि धूळ अडवणारा मास्क हवा. उघड्या कमानींवर आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला खडूची पूड चोळून ठेवा. पाण्याची वाट पुडीवर गडद रेघ म्हणून उमटते, आणि रेघ वर कुठे संपते तिथे तुमचं उत्तर असतं.

पाणी मारायची पद्धत अशी. पाइपला नोझल लावू नका, नुसती संथ धार हवी. दाबाच्या फवाऱ्याने चांगल्या सांध्यातूनही पाणी आत जातं आणि दिशाभूल होते. सुरुवात खालून करा: खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग टपाच्या कडेची पन्हाळ, मग टपाचा बाक, शेवटी माथा. प्रत्येक टप्प्यावर १० ते १५ मिनिटं धार, नंतर तेवढाच वेळ थांबून आत बघणं. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या जागा एकदम भिजवतं आणि कोण चोर ते कळत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन, बाहेर एक पाइप घेऊन. एकट्याचं हे काम नाही.

पहिल्या फेरीत काहीच आलं नाही तर गाडीचा उतार बदला. सहा मीटर अंतरावरच्या चाकांपैकी एका बाजूखाली १० सेंटिमीटरचे ठोकळे दिले की जवळपास एक अंशाचा उतार मिळतो, आणि तेवढ्यानेही कमानीतलं पाणी दिशा बदलतं. गाडी ज्या उतारावर उभी असताना गळली होती, शक्य तितका तोच उतार धरा. नोंदवहीतला ‘नाक वर की खाली’ हा रकाना त्यासाठीच होता.

दुसरी पद्धत हवेची. दारात प्लाय लावून त्यात मोठा पंखा आत हवा ढकलेल असा बसवायचा, खिडक्या-झाकणं चिकटपट्टीने बंद करायची आणि टपावर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं: एक लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा साबण. फट असेल तिथे बुडबुडे येतात. पण बसच्या तळाला पेडलची भोकं, गिअरच्या दांड्याचं रबर, इंजिनाचं झाकण अशा असंख्य वाटा असतात. त्या चादरी, फोम, पट्ट्या लावून बुजवल्याशिवाय दाब साचत नाही. कॉम्प्रेसरची हवा चुकूनही वापरू नका, काचा आणि पॅनेलं उखडतील.

टप जमिनीपासून तीन मीटरच्या आसपास असतो आणि साबणाचं पाणी पडलेला पत्रा बर्फासारखा. कमरेला दोर हवा. पाय कमानीच्या रेषेवरच, आणि वजन पसरायला आडवी फळी.

सवयीचे चोर

खिडक्या. सरकत्या काचांच्या चॅनेलमध्ये पाणी शिरणारच, तशीच त्याची रचना आहे; ते बाहेर पडायला तळाला छोटी भोकं असतात. धुळीने ती बुजतात, नाहीतर ‘इथून पाणी येतंय’ म्हणून कुणीतरी ती सीलंटने प्रेमाने बंद करून टाकलेली असतात. मग चॅनेल भरतं आणि आतल्या भिंतीवर सांडतं. बारीक तारेने भोकं मोकळी करा, चॅनेलमध्ये पेलाभर पाणी ओता आणि ते बाहेर पडताना डोळ्यांनी बघा. पलंगाशेजारच्या भिंतीतली ओल टपाची समजून महिनोन्‌महिने शोधली जाते, आणि शेवटी निघतं हे. बसच्या सांगाड्यातल्या पोकळ नळ्यांनाही खाली अशीच भोकं असतात. ती बंद असतील तर नळी आतून गंजते, बाहेरून मात्र रंग तुळतुळीत.

रिव्हेट. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रिव्हेटच्या डोक्याभोवती काळपट ओघळ दिसला तर तो सैल झालाय. हलून हलून घासलेला धातू पावसाबरोबर वाहतो, तोच हा ओघळ. पोलादावर त्याच जागी गंजाचं कडं दिसतं. डोक्यावर बोट ठेवून शेजारचा पत्रा दाबला की हालचाल जाणवते. आणखी एक पारख: आधीच्या दुरुस्तीत साधे पोकळ पॉप रिव्हेट वापरले असतील तर त्यांच्या मधल्या भोकातूनच पाणी येतं, कडेने नाही. डोक्याभोवती कितीही सीलंट लावा, मधलं भोक उघडं ते उघडंच.

पोलादी पत्र्यात अॅल्युमिनियमचे रिव्हेट हा लपलेला शत्रू. ओलाव्यात दोन धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजतं, आणि इथे रिव्हेट इवलासा, पोलाद एवढं मोठं, म्हणजे झीज सगळी रिव्हेटच्याच वाट्याला. त्यातून सांध्याचा भार अशा रिव्हेटवर असेल तर प्रश्न गळतीपुरता उरत नाही.

पत्र्यावर पत्रा चढवलेले सांधे. पुढचा पत्रा सहसा मागच्यावर चढवलेला असतो, वारा आणि पाणी वरून निघून जावं म्हणून. पण दोन पत्र्यांमधली अर्ध्या मिलिमीटरची फट पाणी स्वतःहून ओढून घेते, चढ असला तरी. सांध्याची उघडी कड एका ठिकाणी सुटली की पाणी आत शिरतं आणि सांध्यातून आडवं पसरत कुठल्यातरी तिसऱ्याच रिव्हेटमधून आत टपकतं.

एसी. युनिटचं वजन चाळीस-पन्नास किलोपर्यंत जातं आणि बसच्या टपाला तिथे आधार दिलेला नसेल तर पत्रा बशीसारखा दबतो. मग माथ्यावर पाणी साचतं आणि पॅकिंग सतत पाण्यात बसून राहतं. नेहमीचं भोक ३५६ मिलिमीटर चौरस असतं. फोमचं पॅकिंग आतल्या बोल्टनी दाबत दाबत सुमारे १३ मिलिमीटरवर आणायचं, चारही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे. एक बाजू आधी आवळली तर उलट्या बाजूला फट राहते. पॅकिंगखाली सीलंट घालू नका; पुढच्या वेळी युनिट उचलताना फोम फाटतो. पत्रा दबलेला असेल तर दोन कमानींमध्ये आडव्या पोलादी पट्ट्यांचा आधार देऊन आधी तो उचलावा लागेल. नुसतं पॅकिंग बदलून हा रोग जात नाही.

सौर पॅनेलचे पाय आणि आणीबाणीचं झाकण यांवर फार शब्द नकोत. पॅनेल वाऱ्याने थरथरतं, त्यामुळे पायाखालचे स्क्रू आधी सैल होतात, सीलंट मागाहून सुटतं. पारदर्शक प्लास्टिकच्या झाकणाला स्क्रूजवळ चिरा गेल्या असतील तर झाकणच बदला. त्यावर थिनर किंवा पेट्रोल लावलं की चिरा पसरतात. नवीन बसवताना प्लास्टिकमधलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा, प्रसरणाला जागा हवी.

सिलिकॉनचा पेच

परत परत फसलेल्या दुरुस्त्यांमागे एकच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा सापडते: जुन्या सिलिकॉन सीलंटवर नवीन काहीतरी. वाळलेल्या सिलिकॉनला काहीच धड चिकटत नाही. पॉलीयुरेथेनचं सीलंट नाही, रंग नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. वरून रेघ सुंदर दिसते, आणि पहिल्या उन्हाळ्यात कडेने पापुद्रा सुटतो. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर जस्ताच्या मुलाम्याला आणि अॅल्युमिनियमला खातं. त्याखाली पांढरी भुकटी सापडेल.

म्हणून पहिलं काम काढण्याचं. प्लास्टिकची पट्टी आणि धारदार पाती घेऊन जेवढं निघेल तेवढं कापून काढा. मग सिलिकॉन विरघळवणारं द्रावण लावून त्याच्या डब्यावर दिलेला वेळ थांबा, खरवडा, पुन्हा लावा. झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. जागेवर पाणी शिंपडून बघा. पाण्याचा सलग पातळ थर राहिला तर पत्रा स्वच्छ. थर तुटून मणी झाले तर सिलिकॉन अजून आहे. हे काम कंटाळवाणं आहे. एका सांध्याला दुपार जाते, आणि दुरुस्तीतली सत्तर टक्के मजुरी यातच आहे असं समजून चला.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका. ओलं घासा, किंवा रंग काढायचं द्रावण वापरा.

दुरुस्ती

गंज असेल तर चकचकीत धातूपर्यंत घासा. खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण, ते धुऊन वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर. पत्र्याला आरपार जाळी पडली असेल तर सीलंटने ती भरू नका. त्याच धातूचा, कडेने किमान २५ मिलिमीटर जास्त असा तुकडा, कोपरे गोल करून, खाली सीलंटचा थर देऊन रिव्हेटने बसवा.

सैल रिव्हेट एका वेळी एकच काढा. रांगेतले चार एकदम काढले की पत्रा सरकतो आणि भोकं जुळत नाहीत. ४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटला ४.९ ते ५ मिलिमीटरचं भोक हवं. भोक लांबट झालं असेल तर पुढच्या मापाला, म्हणजे ६.४ मिलिमीटरला जा. बंद टोकाचेच रिव्हेट घ्या आणि दांडा सीलंटमध्ये बुडवून मग बसवा. पोलादी सांध्याचा भार पेलणाऱ्या जागी पोलादाचे, मजबुतीसाठी बनवलेले. मूळ रिव्हेट भरीव असतील आणि आतून हात पोहोचत असेल तर भरीवच लावून घेणं उत्तम.

वस्तूखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), वस्तूच्या कडेने सीलंट: ही विभागणी पाळली की बरेच घोळ मिटतात. झाकण, जाळी, पाय, दिवा, जे काही स्क्रूने दाबलं जातं त्याखाली ३ मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल टेप, आणि प्रत्येक स्क्रूच्या मानेभोवती तिची एक छोटी गोळी. ब्यूटाइल कधीच वाळत नाही, म्हणून हालचाल सोसते. स्क्रू एका दमात आवळू नका. कडेने थोडी टेप बाहेर येईपर्यंत आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं, आठवड्याने पुन्हा. सगळी टेप पिळून बाहेर काढली तर धातूवर धातू बसतो आणि मध्ये काहीच उरत नाही.

सांध्यांवर पॉलीयुरेथेन किंवा संकरित पॉलिमरचं सीलंट. पुसायला अल्कोहोल वापरलं तर ते पूर्ण उडून जाऊ द्या. ओल्या अल्कोहोलवर पॉलीयुरेथेन लावलं की ते कधीच धड वाळत नाही, चिकट राहतं. रेघ बोटाने दाबून पातळ पसरायची सवय मोडा. सांध्यावर २ ते ३ मिलिमीटर जाडी राहिली तरच ती ताण घेते. सहा मिलिमीटर जाडीच्या रेघेला ३१० मिलिलिटरची नळी साधारण ११ मीटर पुरते, त्यावरून आधीच हिशेब करून ठेवा. अर्ध्या सांध्यावर नळी संपली की जोड तिथेच राहतो. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळतं, दिवसाला सुमारे ३ मिलिमीटर. म्हणजे वरून साय धरली तरी आत मऊ असतं. जाड रेघेला तीन-चार दिवस द्या आणि तोवर गाडी हलवू नका.

टपावर चढवायचा रबरी लेप लोकांना फार भावतो: एक डबा, एक रोलर, प्रश्न संपला. गळती बंद झाल्यावर, सांध्यांवर पॉलिस्टरच्या जाळीची पट्टी घालून, आडवे-उभे दोन हात दिले तर लेप उपयोगी आहे. पांढरा असेल तर पत्रा उन्हात बराच थंड राहतो, म्हणजे प्रसरणही कमी. पण गळती शोधण्याऐवजी लेप दिला तर तो पाणी आत कोंडतो, आणि पुढच्या वेळी खालचा सांधा दिसायचाही बंद होतो.

बंद करण्याआधी

आतलं छत लगेच लावू नका. सीलंट वाळल्यावर तीच चाचणी, त्याच क्रमाने, त्याच उतारावर पुन्हा. मग गाडी शंभरेक किलोमीटर फिरवून आणा, शक्यतो खराब रस्त्याने, आणि पुन्हा पाणी मारा. हेलकाव्याने सुटणारा सांधा तेव्हाच उघडा पडतो. प्लाय आणि लाकडी पट्ट्यांना ओलावा मोजायचं यंत्र लावून बघा: १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या वर असेल तर वाळवणं बाकी आहे. ओल्या लाकडावर पॅनेल चढवलं तर बुरशी आतच वाढते आणि पुढच्या वर्षी तिच्या डागाला गळती समजून पुन्हा शोध सुरू होतो.

भोकांचा नकाशा आता पूर्ण करा. कोणतं भोक कोणत्या कमानीजवळ, त्यात कोणत्या मापाचा रिव्हेट गेला, कोणतं सीलंट लावलं, तारीख काय. सिलिकॉन कुठे उरलंय तेही लिहा. प्लास्टिकच्या पाकिटात घालून नकाशा फ्यूजपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. टपावर पुढचं भोक पाडायला जो कुणी चढेल, त्याला शिडीआधी तो दिसला पाहिजे.